पैसेवारी

पैसेवारी, म्हणजेच जुन्या आणि गावोगाव अजूनही रूढ असलेल्या नावाने आणेवारी : एखाद्या गावातले यंदाचे पीक सर्वसाधारण वर्षाच्या मानाने किती आले, हे रुपयाच्या भागांत सांगणारा महसूल खात्याचा आकडा. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे किंवा शंभर पैसे. हेक्टरी प्रत्यक्ष उत्पन्नाला प्रमाण उत्पन्नाने भागून शंभराने गुणले की पिकाची पैसेवारी निघते. समजा, सोयाबीनचे प्रमाण उत्पन्न हेक्टरी १२ क्विंटल आहे आणि यंदा हाती ५ क्विंटल आले, तर पैसेवारी ४२ पैसे. मुख्य पिकांखालचे क्षेत्र लक्षात घेऊन त्यांच्या पैसेवारीवरून गावाची एकच पैसेवारी ठरते. ती ५० पैशांच्या आत आली तर गाव टंचाईच्या सवलतींना पात्र ठरते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली, तेव्हा आण्यांची जागा पैशांनी घेतली. हिशेबाची रीत मात्र जुनीच राहिली.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सरकारच्या दुसऱ्या कुठल्याच आकड्यावर इतक्या सातत्याने अविश्वास दाखवला गेलेला नाही. राष्ट्रीय उत्पन्न किंवा महागाईचा दर खरा की खोटा, हे सामान्य माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येत नाही. पैसेवारीचे तसे नाही. शेत समोर असते, खळ्यावरची रास समोर असते आणि तहसील कार्यालयाच्या फलकावर लागलेला आकडा त्या राशीशी जुळत नाही, हे निरक्षर शेतकऱ्यालाही कळते. आकडेवारीवरचा अविश्वास कसा जन्मतो आणि का टिकतो, हे समजून घ्यायला म्हणूनच पैसेवारीइतके चांगले उदाहरण क्वचित सापडेल.

महसुलाच्या सुटीतून आलेला आकडा

रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट वसुलीच्या पद्धतीत मुंबई इलाख्यातला सारा, म्हणजे जमीन महसूल, जमिनीवर, रोख रकमेत आणि बहुधा तीस वर्षांसाठी ठरवला जाई. पीक येवो न येवो, सारा ठरलेलाच. वाईट वर्षी सूट किंवा तहकुबी द्यायची तर पीक किती बुडाले याचे काही माप लागणार, आणि ते माप म्हणजे आणेवारी. ती ठरवणारे मामलेदार आणि कलेक्टर हेच सारावसुलीलाही जबाबदार होते. पुढच्या शंभर वर्षांच्या तक्रारींचे मूळ या एका व्यवस्थेत आहे.

पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेने १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला पाठवली. सरकारी अहवालाला समांतर असा लोकांचा अहवाल उभा करण्याचा महाराष्ट्रातला हा पहिला मोठा प्रयत्न म्हणावा लागेल. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळक आणि सभेचे कार्यकर्ते आणखी पुढे गेले. दुष्काळ संहितेत, म्हणजे दुष्काळातल्या मदतीच्या सरकारी नियमावलीत, रयतेला कोणते हक्क दिले आहेत, हे मराठीतून सांगत ते गावोगाव फिरले. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. सरकारचाच नियम लोकांना वाचून दाखवणे सरकारला इतके झोंबावे, यावरून त्या नियमातल्या आकड्यांना किती वजन होते ते कळते.

आणेवारीवरून थेट लढा झाला तो १९१८ साली, गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले तर त्या वर्षीची सारावसुली पूर्ण तहकूब करावी, असा नियम होता. अधिकाऱ्यांच्या मते पीक चार आण्यांच्या वर होते, शेतकऱ्यांच्या मते खाली. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे कार्यकर्तेही चौकशीसाठी तिकडे गेले होते. गांधीजींनी स्वतंत्र पंच नेमून आणेवारी ठरवावी अशी मागणी केली, आणि सरकारला ती मागणीच उद्धटपणाची वाटली. २२ मार्चला नडियादला सत्याग्रह सुरू झाला आणि जूनमध्ये संपला. ऐपतदारांनी सारा भरावा, गरिबांची वसुली तहकूब ठेवावी, अशी तडजोड झाली. पण पीक नेमके किती आणे होते, हा मूळ वाद सुटलाच नाही. कोणीही तिऱ्हाइताने तो तपासला नाही.

दहा वर्षांनी गुजरातमधल्याच बारडोलीत मात्र तपासणी झाली. आधी ३० टक्के सारावाढीची शिफारस होती. सरकारने ती २२ टक्क्यांवर आणली. वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाल्यावर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव जाऊन चौकशी केली, आणि ६.०३ टक्के वाढ पुरेशी आहे असा निष्कर्ष काढला. हे दोघेही सरकारचेच अधिकारी होते. फरक पडला तो पद्धतीमुळे : आधीची शिफारस खंडाच्या ज्या आकड्यांवर उभी होती, ते प्रत्यक्ष गावात जाऊन नीट पडताळलेच गेले नव्हते. लोकांचा अविश्वास म्हणजे अज्ञान, असे मानणाऱ्या प्रत्येकाने बारडोलीची ही चौकशी वाचायला हवी.

आकडा कसा लागतो

गावात पैसेवारी ‘लावली’ जाते, आणि हा शब्द लोक सारा लावण्याच्याच सुरात वापरतात. मंडळ अधिकारी, तलाठी, कृषी सहायक, सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष आणि काही शेतकरी यांची ग्राम पैसेवारी समिती असते. हलक्या, मध्यम आणि भारी जमिनींतले नमुन्याचे तुकडे निवडायचे, ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, त्यातले पीक कापून, मळून, वजन करायचे, असा हा पीक कापणी प्रयोग. खरीप गावांसाठी सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम पैसेवारी जाहीर होते. मधल्या काळात हरकती घेता येतात.

कागदावर ही रचना चांगली आहे. तक्रारी आहेत त्या तिच्या अंमलाबद्दल आणि तिच्या गणिताबद्दल. सप्टेंबरात कापूस बोंडावर असतो, तूर फुलोऱ्यालाही आलेली नसते, म्हणून पहिला आकडा नावाप्रमाणेच नजरेचा अंदाज असतो. त्यानंतर पाऊस आला तर तो अंदाज निरर्थक होतो. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर काढणीला आलेले सोयाबीन आणि मका पाण्यात गेला, तेव्हा पहिला आकडा येऊन गेलेला होता. प्रयोग शेतात न होता कार्यालयातच भरला जातो, हा आरोप तर दरवर्षीचा. समितीवरच्या शेतकरी सदस्यांना सही करतानाच समिती असल्याचे कळले, असेही गावोगाव ऐकू येते.

प्रमाण उत्पन्नाचा प्रश्न अधिक खोल आहे. ते मागच्या वर्षांच्या सरासरीवरून काढतात. लागोपाठ तीन-चार वर्षे पाऊस गेला की सरासरीच खाली येते, आणि मग तुटपुंजे पीकही साठ-पासष्ट पैशांचे दिसू लागते. जो भाग वारंवार कोरडा राहतो, त्याचीच मदत मिळण्याची शक्यता या गणितात कमी होत जाते. यात कोणी लबाडी केलेली असायची गरज नाही. सूत्रच तसे आहे.

शिवाय ५० पैशांची रेघ. ४९ पैसे आणि ५१ पैसे यांत शेतकऱ्याच्या घरातल्या धान्याचा फरक मूठभर. पण ४९ वाल्या गावाला जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरजेप्रमाणे टँकर हे सगळे मिळू शकते, आणि ५१ वाल्याला काहीच नाही. जिथे दोन पैशांवर इतके अवलंबून असते, तिथे दोन्ही बाजूंनी ओढाताण होणारच. वरून ‘आकडा जपून द्या’ असा दबाव येतो, तर खालून पुढारी आकडा पन्नासच्या आत आणण्याचा आग्रह धरतात. प्रशासनाचा गावावर विश्वास नसतो, कारण गाव कायम कमीच सांगणार असे गृहीत धरलेले असते. गावाचा प्रशासनावर नसतो, कारण मोजणारा आणि पैसे देणारा एकच. अविश्वास दुहेरी आहे, हे फारसे बोलले जात नाही.

सुखात्मे आणि नमुन्याची मर्यादा

पीक कापणी प्रयोगाला शास्त्रीय पाया देणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे : पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा त्यांचा जन्म, १९११ चा. लंडनमध्ये संख्याशास्त्राचे शिक्षण घेऊन आल्यावर १९४० च्या दशकात त्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत यादृच्छिक नमुन्याने शेत निवडून उत्पन्न मोजण्याची पद्धत देशभर रुजवली. त्याआधी महसूल खाते सर्रास नजरेने आणे ठरवत असे. कलकत्त्याचे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या कापणीचे पुरस्कर्ते होते. तुकडा फार लहान असला की कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते, असे सुखात्म्यांनी दाखवून दिले. तुकडा केवढा असावा, यावरचा हा वाद वरवर किरकोळ वाटतो. पण त्यावरच एखाद्या प्रदेशात धान्य पुरेसे आहे की नाही, हे ठरत होते.

सुखात्म्यांची पद्धत जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या उत्पन्नाचा अंदाज काढायला उत्तम होती, कारण तिथे प्रयोगांची संख्या मोठी असते. एकेका गावापुरते बोलायचे तर हाती चार-सहा तुकडे उरतात, आणि त्यांतला एखादा विहिरीच्या पाण्यावरचा निघाला की आकडा वर जातो. मोठ्या क्षेत्रासाठी घडवलेले माप लहान क्षेत्राला लावल्यावर ते डगमगणारच. पैसेवारीवरच्या अविश्वासाला राजकारणाइतकेच हे संख्याशास्त्रीय कारणही आहे, आणि ते शेतकऱ्याला कोणी समजावून सांगत नाही.

दुष्काळ म्हणायचे की नाही

महाराष्ट्र विधिमंडळाने १९६३ साली कायदा करून राज्याच्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ ही संज्ञाच वगळली. सरकारचे शेतीच्या स्थितीवर सतत लक्ष असते, टंचाई दिसताच मदत पोहोचते, म्हणून दुष्काळ पडायला आता वावच नाही, असे त्यामागचे म्हणणे होते. नऊ वर्षांनी, १९७२ ला, राज्याने विसाव्या शतकातल्या सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एक पाहिला. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, ही त्या काळातल्या राज्यकर्त्यांच्या आणि चळवळींच्या नावावर जमा करावी अशी गोष्ट. पुढेही सरकारी आदेशांत ‘टंचाई’ आणि ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ हेच शब्द फिरत राहिले. मे २०१६ मध्ये, न्यायालयातल्या सुनावणीनंतर, सुमारे २९,६०० गावांच्या बाबतीत ‘दुष्काळसदृश’ऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचावे, असे सरकारला जाहीर करावे लागले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियान या संघटनेच्या याचिकेवरील निकालात, राज्ये दुष्काळ मान्य करायला कचरतात अशी नोंद करून केंद्राला दुष्काळ व्यवस्थापन संहिता सुधारायला सांगितले.

उपग्रह आल्यानंतर

डिसेंबर २०१६ च्या नव्या केंद्रीय संहितेने दुष्काळ ठरवण्याच्या कामात पैसेवारीला मागे सारले. अंतिम आकडा डिसेंबरात येतो, तोवर उशीर झालेला असतो, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप योग्यच होता. आता आधी पावसाची तूट आणि खंड पाहायचा. ही पहिली कळ, म्हणजे ‘ट्रिगर १’. मग पेरणी, उपग्रहावरून दिसणारा वनस्पती निर्देशांक, जमिनीतला ओलावा, जलाशय आणि भूजल यांची स्थिती, हा ‘ट्रिगर २’. शेवटी निवडक १० टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी. दुष्काळ मध्यम की गंभीर, ते यावरून ठरते. महाराष्ट्राने ही पद्धत २०१७ पासून स्वीकारली. पैसेवारी बंद झाली नाही. ती आजही दरवर्षी जाहीर होते.

३१ ऑक्टोबर २०१८ ला १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यांतले ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. ३१ ऑक्टोबर २०२३ ला ४० तालुके, २४ गंभीर आणि १६ मध्यम. दुसऱ्या यादीवर लगेच गदारोळ झाला, सत्ताधाऱ्यांचे तालुके बघून यादी केल्याचे आरोप झाले, आणि दहाच दिवसांत सरकारने इतर तालुक्यांतल्या १,०२१ महसूल मंडळांत (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट) ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली. त्यासाठी निकष लावला तो साधा : पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत. उपग्रहांच्या सगळ्या निर्देशांकांनंतर निम्म्याहून अधिक वाद शेवटी पावसाच्या मापावर येऊन मिटवावा लागला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

माझ्या मते नव्या पद्धतीने अविश्वास कमी केला नाही, त्याची जागा बदलली. पूर्वी शेतकरी तलाठ्याशी भांडू शकत होता, हरकत घेऊ शकत होता, ‘माझ्या शेतात या आणि कापून बघा’ असे म्हणू शकत होता. वनस्पती निर्देशांकाशी भांडता येत नाही. तण माजलेले रान उपग्रहाला हिरवेच दिसते, आणि शेंगा भरलेल्या आहेत की पोचट हे त्याला कळत नाही. पावसाचेही तेच. मंडळातल्या एका पर्जन्यमापकावर दहा-वीस गावांचे नशीब, आणि पाऊस तर शिवारागणिक बदलतो.

पीक विम्यातही हाच पेच आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून ‘उंबरठा उत्पन्न’ काढतात. दोन वाईट वर्षे वगळायची सोय असल्याने हे सूत्र पैसेवारीपेक्षा न्याय्य आहे. एका मंडळात मुख्य पिकाचे किमान दहा कापणी प्रयोग व्हावेत असा दंडक आहे, आणि प्रयोगाच्या वेळी विमा कंपनीच्या प्रतिनिधीला हजर राहता येते. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने एक रुपयात विमा बंद केला आणि स्थानिक आपत्तीसारखे भरपाईचे जादा निकष काढून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने पिके आणि मातीही वाहून गेली. सरकारने ऑक्टोबरात ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले, पण विम्याची भरपाई किती मिळणार, हे मंडळातल्या त्या मोजक्या चौकोनांतल्या वजनावरच अवलंबून राहिले. म्हणून शेतकरी संघटनांची मागणी आता मदतीच्या रकमेपुरती थांबत नाही. कोणत्या गटात प्रयोग झाला, कोण हजर होते, वजन किती भरले, हे ग्रामसभेत वाचून दाखवा आणि चावडीवर लावा, असे त्या म्हणतात. खेडा जिल्ह्यात १९१८ साली मागितलेला तिऱ्हाईत पंच अजून नेमला गेलेला नाही.