द्विपक्षीय वस्तुव्यापारशेष

द्विपक्षीय वस्तुव्यापारशेष म्हणजे एका देशाने दुसऱ्या विशिष्ट देशाला ठरावीक काळात निर्यात केलेल्या मालाचे मूल्य आणि त्याच देशाकडून आयात केलेल्या मालाचे मूल्य यांतील फरक होय. निर्यात जास्त भरल्यास त्यास शिल्लक आणि आयात जास्त भरल्यास तूट म्हणतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत यांनाच ‘अनुकूल’ व ‘प्रतिकूल’ व्यापारशेष म्हटलेले आढळते; परंतु या शब्दांत निवाडा आधीच दडलेला असल्याने येथे ते टाळले आहेत. सॉफ्टवेअर, पर्यटन, जहाजवाहतूक यांसारख्या सेवा या हिशेबात येत नाहीत. एकूण शेष एकाच आकड्यात न पाहता तो मालाच्या प्रकारांनुसार फोडून पाहणे, म्हणजे कोणत्या मालात कोणाकडे शिल्लक आहे आणि कोणत्या मालात तूट आहे हे ताडून पाहणे, हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

या तुलनेचा पाया सीमाशुल्काच्या कागदपत्रांत आहे. न्हावाशेवा बंदरातून किंवा सहार येथील विमानतळावरून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक खेपेचे शिपिंग बिल आणि आत येणाऱ्या प्रत्येक खेपेचे बिल ऑफ एंट्री भरले जाते, आणि त्यात मालाचा सांकेतिक क्रमांक नोंदवावा लागतो. हे क्रमांक 1 जानेवारी 1988 पासून लागू झालेल्या ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ या जागतिक वर्गीकरणानुसार दिले जातात. त्यांतील पहिले 6 अंक ही पद्धत स्वीकारणाऱ्या सर्व देशांत सारखे असतात. भारत त्यांपुढे आणखी 2 अंक जोडतो. देशभरातील अशा नोंदी कोलकात्यातील वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालयात एकत्र होतात आणि तेथून देशवार व मालवार आकडे प्रसिद्ध होतात.

किती अंकांपर्यंत खोल जावे, यावर तुलनेचा अर्थ बदलतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्सभोवती चालणाऱ्या हिऱ्यांच्या व्यापारात सापडते. बेल्जियममधील अँटवर्पहून कच्चे हिरे मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे येतात, सुरतेत त्यांना पैलू पाडले जातात आणि त्यांतील काही हिरे पुन्हा अँटवर्पच्याच बाजारात विकले जातात. रत्ने व मौल्यवान धातूंच्या 71व्या प्रकरणाची (क्रमांकाचे पहिले 2 अंक मालाचे प्रकरण सांगतात) फक्त बेरीज-वजाबाकी केली, तर दोन्ही बाजूंचे मोठे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात. तेच 6 अंकी पातळीवर पाहिले, तर कच्च्या हिऱ्यांत भारताची तूट आणि पैलू पाडलेल्या हिऱ्यांत शिल्लक असे दोन वेगळे शेष समोर येतात, आणि त्यांच्यामध्ये कारागिराची मजुरी, व्यापाऱ्याचा नफा व पैलू पाडताना होणारी घट उभी असते. अशा वेळी तूट ही कच्च्या मालाची गरज असते. ती बंद केली, तर शिल्लकही बंद पडेल.

फळांच्या 8व्या प्रकरणात चित्र निराळे आहे. वाशीच्या घाऊक बाजारात कॅलिफोर्नियाचे बदाम येतात, आणि 2007 मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला पुन्हा परवानगी दिल्यानंतरच्या काळात वाशीतीलच विकिरण केंद्रातूनही हापूस अमेरिकेला जाऊ लागला. दोन्ही माल एकाच प्रकरणात मोडतात, पण बदाम आणि आंबा यांची आपसांत स्पर्धा नाही. त्यामुळे या प्रकरणातील तूट पाहून कोकणातील बागायतदार मागे पडला, असा निष्कर्ष काढता येत नाही.

वेगवेगळ्या आकारांच्या व्यापाराची तुलना करण्यासाठी शेषाला एकूण उलाढालीने, म्हणजे निर्यात अधिक आयात या बेरजेने, भागतात. उत्तर उणे 1 ते अधिक 1 यांच्या दरम्यान येते. 2024-25 या आर्थिक वर्षात भारताने अमेरिकेला सुमारे 86 अब्ज डॉलरचा माल निर्यात केला आणि तेथून सुमारे 45 अब्ज डॉलरचा आयात केला. हे गुणोत्तर अधिक 0.31 च्या आसपास येते. त्याच वर्षी चीनला सुमारे 14 अब्ज डॉलरची निर्यात झाली आणि तेथून सुमारे 113 अब्ज डॉलरची आयात झाली. तेथे ते उणे 0.78 भरते. मात्र हे दोन आकडे एकमेकांपासून सुटे नाहीत. अमेरिकेला जाणाऱ्या औषधांतील शिल्लक बऱ्याच अंशी चीनमधून येणाऱ्या मूळ औषधी द्रव्यांवर व मध्यवर्ती रसायनांवर उभी आहे, आणि मोबाइल फोनच्या निर्यातीमागेही चिनी सुट्या भागांची आयात आहे. दोन देशांचा हिशेब तिसऱ्याला वगळून मांडला, की ही साखळी नजरेआड होते. 2022 नंतर रशियाकडून होणारी खनिज तेलाची आयात भारताच्या तेल आयातीच्या सुमारे 2 टक्क्यांवरून एक-तृतीयांशाच्या वर गेली आणि रशियाशी असलेली तूट एकदम फुगली. परंतु ते तेल बऱ्याच प्रमाणात इतर देशांच्या तेलाऐवजी आले, त्यामुळे भारताची एकूण तूट तेवढीच वाढली असे झाले नाही.

दोन देशांचे आकडे एकमेकांशी क्वचितच तंतोतंत जुळतात. भारत निर्यातीचे मूल्य जहाजावर माल चढेपर्यंतचे धरतो, तर आयातीच्या मूल्यात मालभाडे व विमाही मिळवतो. शिवाय भारताचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते आणि अमेरिका सहसा जानेवारी ते डिसेंबर असा हिशेब देते. दुबई, सिंगापूर, हाँगकाँग यांसारख्या बंदरांतून वळून जाणारा माल एका देशाच्या खात्यात एका नावाने आणि दुसऱ्याच्या खात्यात भलत्याच नावाने पडतो. म्हणूनच 2024-25 साठी भारताच्या हिशेबाने सुमारे 41 अब्ज डॉलर असलेली शिल्लक, 2024 या वर्षाच्या अमेरिकी हिशेबात सुमारे 46 अब्ज डॉलरची तूट म्हणून दिसते.

या आकड्यांचा राजकीय वापर किती थेट होऊ शकतो, हे 2 एप्रिल 2025 रोजी अमेरिकेने जाहीर केलेल्या आयातशुल्कावरून दिसले. एखाद्या देशाशी असलेली अमेरिकेची वस्तुव्यापारातील तूट त्या देशाकडून होणाऱ्या आयातीने भागून, येणाऱ्या टक्केवारीच्या निम्मा दर लावण्याचे ते सूत्र होते; भारतासाठी ते 52 टक्के आणि त्यावरून 26 टक्के असे आले. मालामालांतील भेद या भागाकारात पूर्णपणे पुसला जातो, आणि हीच या सूत्राची सर्वांत गंभीर उणीव आहे.

शिल्लक म्हणजे लाभ, ही समजूत मुंबईतूनच फार पूर्वी खोडली गेली आहे. एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजी यांनी ब्रिटिश अमलातील आयात-निर्यातीचे आकडे मांडून दाखवले, की भारताची निर्यात आयातीपेक्षा सातत्याने जास्त असूनही त्या आधिक्याचा पुरेसा मोबदला देशात परत येत नाही. जुन्या व्याख्येप्रमाणे ‘अनुकूल’ ठरणारा तो शेष त्यांच्या मांडणीत संपत्तीच्या निःसारणाचा पुरावा ठरला.

अनेक वर्षांची तुलना करताना आणखी एक अडचण येते. वर्गीकरण काही वर्षांनी सुधारले जाते. 2022 च्या आवृत्तीत स्मार्टफोनला प्रथमच स्वतंत्र 6 अंकी क्रमांक मिळाला, त्यामुळे त्याआधीच्या वर्षांचे स्मार्टफोनचे आकडे इतर मोबाइल फोनमध्ये मिसळलेले आहेत. पुढील आवृत्ती 1 जानेवारी 2028 पासून लागू होणार असून, तेव्हाही जुने व नवे क्रमांक जुळवणाऱ्या तक्त्यांशिवाय कालमालिका सलग वाचता येणार नाही.