सायकलस्वाराची थ्रेशोल्ड पॉवर : रेस आणि सरावाच्या नोंदींवरून अंदाज

सायकलस्वार साधारण तासभर सलग टिकवू शकतो अशी कमाल शक्ती म्हणजे थ्रेशोल्ड पॉवर. ती वॅटमध्ये मोजतात. वेगवेगळ्या वजनाच्या स्वारांची तुलना करायची तर तिला शरीराच्या वजनाने भागतात: ७० किलोच्या स्वाराचे २५० वॅट म्हणजे किलोमागे सुमारे ३.६ वॅट. या शक्तीच्या खाली स्नायूंत तयार होणारे लॅक्टेट आणि त्याचा निचरा यांचा मेळ राहतो. तिच्या वर गेले की लॅक्टेट चढत जाते, श्वास आवरत नाही आणि काही मिनिटांत पाय सोडून द्यावे लागतात. सरावाचे सगळे झोन, म्हणजे जोराच्या पातळ्या, याच आकड्याच्या टक्केवारीत सांगितले जातात, त्यामुळे तो चुकला की पुढचे सगळे वेळापत्रक चुकते.

प्रयोगशाळेत यासाठी ठरावीक शक्तीवर ३० मिनिटे पेडल मारायला लावून मधूनमधून रक्ताचा थेंब तपासतात. दहाव्या ते तिसाव्या मिनिटादरम्यान लॅक्टेट लिटरमागे १ मिलिमोलपेक्षा जास्त वाढले नाही, तर ती शक्ती टिकाऊ धरतात. अशा तीन-चार फेऱ्या वेगवेगळ्या दिवशी कराव्या लागतात. जर्मनीचे उलरिख शोबरर यांनी १९८६ मध्ये क्रँकवरचा, म्हणजे पेडलच्या दांड्यावरचा, शक्ती मोजणारा पॉवर मीटर आणला, पुढे तो स्वस्त होत गेला आणि रस्त्यावरच्या नोंदी हाताशी आल्या. त्यानंतर अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांनी थ्रेशोल्ड पॉवरसाठी मांडलेली ‘एफटीपी’ (फंक्शनल थ्रेशोल्ड पॉवर) ही संज्ञा रूढ झाली. आज गावोगावचे स्वार तीच वापरतात.

नोंदी काय सांगतात

फाईलमध्ये स्वाराने काय केले ते असते. त्याला काय जमले असते ते नसते. वर्षभराच्या राईड्समधला २० मिनिटांचा सर्वोत्तम आकडा २३० वॅट असेल, तर थ्रेशोल्ड किमान कुठे आहे एवढेच त्यावरून कळते. तो आकडा खरोखर जीव तोडून काढला होता, की अमरावती रोडवर बाजारगावकडे जाताना गप्पा मारत निघाला होता, हे ॲपला कळत नाही. म्हणून अंदाज काढण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: या कालावधीत स्वाराने खरेच सर्वस्व लावले होते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढचे गणित कितीही सुबक असले तरी उत्तर खालीच येणार.

नागपुरात ही अडचण ठळकपणे जाणवते. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आणि बव्हंशी सपाट. सेमिनरी हिल्सचा चढ दोन-तीन मिनिटांत संपतो. रामटेकच्या गडाचा रस्ता तीव्र, पण आखूडच. त्यामुळे इथल्या स्वारांच्या नोंदीत १ ते ५ मिनिटांचे आकडे दमदार दिसतात आणि १५ ते ४० मिनिटांच्या जागी पोकळी असते. रविवारची ग्रुप राईड तर्री पोह्यांच्या थांब्यापर्यंत जोरात जाते खरी, पण मागच्या चाकाला चिकटून बसलेल्याची शक्ती पुढे ओढणाऱ्यापेक्षा सहज पाव हिश्श्याने कमी असते, आणि प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक स्पीडब्रेकरला शून्याची भर पडते.

लांब पल्ल्याचे वेड हे दुसरे कारण. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली आणि शहरात ब्रेव्हेची, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब राईडची, ओढ वाढली. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास ही ब्रेव्हेची मुदत. या वेगात शक्ती थ्रेशोल्डच्या बरीच खाली असते. ब्रेव्हेची फाईल सहनशक्तीबद्दल पुष्कळ सांगते. थ्रेशोल्डबद्दल जवळपास काहीच नाही.

दोन प्रयत्नांचे गणित

सर्वांत भरवशाचा सोपा मार्ग क्रिटिकल पॉवरचा. मोनो आणि शेरेर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या या प्रतिमानात केलेले काम दोन भागांत विभागतात: कायम टिकणारी शक्ती, म्हणजे सीपी, आणि तिच्या वर जाण्यासाठी असलेला मर्यादित साठा, ज्याला डब्ल्यू प्राइम म्हणतात. सीपी हा महिन्याचा पगार धरला, तर डब्ल्यू प्राइम ही गल्ल्यातली शिल्लक. हा साठा बहुतेकांत १० ते २५ किलोज्यूल असतो.

समजा स्वाराने ३ मिनिटे ३३० वॅट आणि दुसऱ्या दिवशी १२ मिनिटे २७० वॅट काढले. पहिल्या प्रयत्नाचे काम ३३० गुणिले १८० सेकंद, म्हणजे ५९,४०० ज्यूल. दुसऱ्याचे २७० गुणिले ७२०, म्हणजे १,९४,४००. कामातला फरक १,३५,००० आणि वेळेतला ५४० सेकंद. भागाकार २५० वॅट, ही सीपी. साठा ५९,४०० वजा ४५,००० म्हणजे १४.४ किलोज्यूल. सीपी एफटीपीपेक्षा सहसा काही वॅट वर असते, तेवढी सूट द्यावी.

इथे फसगत कशी होते तेही पाहावे. त्याच स्वाराने ३ मिनिटांचा प्रयत्न अर्ध्या मनाने करून ३१० वर सोडला, तर सीपी घटत नाही, उलट २५७ पर्यंत फुगते आणि साठा ९.६ किलोज्यूलवर येतो. १२ मिनिटांचा प्रयत्न २७० ऐवजी २६० झाला, तर सीपी २३७ वर घसरते. म्हणून साठा १० च्या खाली किंवा २५ च्या बराच वर दिसला, तर आकडा स्वीकारण्याआधी दोन्ही प्रयत्नांकडे संशयाने पाहावे. छोटा प्रयत्न २ ते ३ मिनिटांचा आणि मोठा १२ ते २० मिनिटांचा असावा. ३० सेकंदांची स्प्रिंट या गणितात घालू नये. मधला ६-७ मिनिटांचा तिसरा बिंदू मिळाला तर उत्तम: तिन्ही एका रेषेत बसले नाहीत, की कुठला कच्चा आहे ते लगेच दिसते.

वीस मिनिटांची चाचणी

प्रचलित रीत अशी: २० मिनिटे वॉर्म-अप, त्यात पेडल जलद फिरवण्याचे (जलद केडन्सचे) एकेक मिनिटाचे तीन तुकडे, ५ मिनिटे हलके, मग ५ मिनिटे पूर्ण जोर, १० मिनिटे हलके, आणि शेवटी २० मिनिटे सर्वस्व. त्या २० मिनिटांच्या सरासरीचे ९५ टक्के म्हणजे एफटीपी. मधली जोराची ५ मिनिटे बहुतेक जण गाळतात. ती साठा रिकामा करण्यासाठीच असतात. गाळली तर आकडा वर येतो आणि पुढचे महिनाभराचे इंटरव्हल (जोर आणि विश्रांतीचे आलटून-पालटून तुकडे) अर्धवट सुटतात.

९५ टक्के हाही सरासरीचा आकडा आहे. सीपी २५० असलेले दोन स्वार घेऊ. एकाचा साठा २४ किलोज्यूल, त्याला २० मिनिटे २७० जमतील आणि सूत्र त्याला २५७ देईल. दुसऱ्याचा १० किलोज्यूल, तो २५८ काढील आणि सूत्र २४५ सांगेल. स्प्रिंटरला सूत्र चढवते, डिझेल प्रकृतीच्या स्वाराला उतरवते. रॅम्प टेस्टमध्ये (शक्ती टप्प्याटप्प्याने थकेपर्यंत वाढवायची आणि शेवटच्या सर्वोत्तम मिनिटाचे ७५ टक्के घ्यायचे) हा दोष आणखी वाढतो.

जागेचा प्रश्न उरतोच. बर्डी किंवा फुटाळ्याच्या बाजूला २० मिनिटे न थांबता जाता येत नाही. समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे. पहाटे साडेपाचला मिहान परिसरातले रुंद रस्ते किंवा काटोल रोडचा शहराबाहेरचा टप्पा त्यातल्या त्यात बरा. आउटर रिंग रोडवर ट्रक असतात. त्यांच्या झोताने वेग वाढतो, पण पॉवर मीटर फसत नाही. धोका मात्र खरा असतो.

रेसच्या फाईली

वैयक्तिक टाइम ट्रायल हा थ्रेशोल्डचा सर्वांत प्रामाणिक पुरावा: ड्राफ्टिंग (दुसऱ्याच्या मागे आडोशाने जाणे) नाही, थांबा नाही आणि मागे लागलेले घड्याळ. ४० किमीची, तासाभराच्या आसपासची टीटी असेल, तर तिची सरासरी जवळपास जशीच्या तशी घ्यावी.

समूह रेसमध्ये सरासरी उपयोगाची नसते, म्हणून नॉर्मलाइज्ड पॉवर काढतात: ३० सेकंदांची सरकती सरासरी, तिचा चौथा घात, त्या सगळ्यांची सरासरी आणि शेवटी चौथे मूळ. तासाभराच्या चुरशीच्या रेसची ही पॉवर एफटीपीच्या जवळ येते. पण ५८ मिनिटांच्या क्रिटेरियममध्ये (छोट्या वळणदार मार्गावर फेऱ्या मारायच्या रेसमध्ये) सरासरी २०५ आणि नॉर्मलाइज्ड २५५, म्हणजे गुणोत्तर १.२४ असेल, तर तो आकडा बाजूला ठेवावा. प्रत्येक वळणानंतरच्या झटक्यांनी तो फुगलेला असतो. गुणोत्तर १.०५ च्या आत असेल तर विश्वास ठेवायला हरकत नाही. २० मिनिटांच्या नॉर्मलाइज्ड आकड्याला ९५ टक्क्यांनी गुणणे ही नेहमीची चूक. ते सूत्र साध्या सरासरीसाठी आहे.

यंत्र आणि हवामान

एका सेकंदाचा २,००० वॅटचा खोटा उसळा डोळ्यांत भरतो, पण २० मिनिटांच्या सरासरीत तो जेमतेम दीड वॅट घालतो. खरे नुकसान शून्यबिंदू सरकल्याने होते, कारण ती चूक प्रत्येक सेकंदात असते. एसीच्या खोलीतून काढलेली सायकल एप्रिलच्या उन्हात नेली, तर क्रँकचे तापमान स्थिरावेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबून मग झिरो ऑफसेट करावा, म्हणजे मीटरचा शून्यबिंदू पुन्हा लावावा. फक्त डाव्या क्रँकचा मीटर डाव्या पायाची शक्ती दुप्पट करतो. डावा पाय ४८ टक्केच काम करत असेल, तर २५० चे २४० दिसतात. नवा मीटर बसवल्यावर ‘फॉर्म गेला’ म्हणून हळहळण्याआधी हे तपासावे.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि पहाटेही गारवा नसतो. रक्त त्वचेकडे वळते, तीच शक्ती काढायला हृदयाचे ठोके वाढतात आणि मोजलेली थ्रेशोल्ड उतरते. ही घट उष्णतेची आहे, तब्येतीची नाही. झोनसाठीचा पायाभूत आकडा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावा. उन्हाळ्यात तात्पुरता कमी आकडा वापरावा. पावसाळ्यात घरात ट्रेनरवर (सायकल एका जागी बसवून चालवायच्या यंत्रावर) सराव होतो, तेव्हा मोठा पंखा नसेल तर तेच घडते. घरातला आणि रस्त्यावरचा असे दोन आकडे ठेवणे सोयीचे.

पॉवर मीटर नसलेल्यांनी वेगावरून अंदाज काढताना हवेची घनता लक्षात घ्यावी. नागपुरात जानेवारीच्या पहाटे १२ अंशांवर हवा ४० अंशांच्या दुपारपेक्षा सुमारे १० टक्के दाट असते, म्हणजे त्याच वेगाला हवेविरुद्ध तितकी जास्त शक्ती लागते. चिखलदऱ्यासारख्या सातपुड्यातल्या घाटात गणित अधिक भरवशाचे. सायकलसह ८० किलो वजन आणि १२.५ किमीत ५०० मीटरची चढण ४० मिनिटांत पार केली, तर निव्वळ चढण्याचे १६४ वॅट होतात. टायर, हवा आणि चेन यांचे धरून एकूण २२० च्या आसपास. चढ सौम्य असेल तितका टायर, हवा आणि चेनचा हा वाटा मोठा.

पडताळणी

मिळालेल्या आकड्यावर १५ मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये ५ मिनिटे विश्रांती, असे करून पाहावे. दुसऱ्या तुकड्याच्या दहाव्या मिनिटालाच श्वास आवरेनासा झाला, तर आकडा चढा आहे. ५ टक्के उतरवून चार दिवसांनी पुन्हा पाहावे. तिसरा तुकडा संपल्यावरही बोलता येत असेल, तर तो कमी आहे. गोल्डन चीता हे मोफत सॉफ्टवेअर किंवा इंटरव्हल्स डॉट आयसीयू आपणहून नवा अंदाज देतात, पण एखाद्या ताज्या प्रयत्नावरून आकडा उडी मारतो, आणि कित्येक आठवडे जोर लावला नाही तर तो घसरतो. ३-४ वॅटच्या बदलासाठी झोन हलवू नयेत. मीटरची स्वतःचीच चूक १ ते २ टक्के असते.