लाल सोने: रोमन चषकापासून चाचणीच्या पट्टीपर्यंत

गर्भधारणा चाचणीच्या अनेक पट्ट्यांवर उमटणारी लालसर रेघ सोन्याची असते. साधारण ४० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) व्यासाचे कण एका रेषेत अडकले की ती डोळ्यांना दिसते. 'नॅनोटेक्नॉलॉजी' म्हणजे 'अब्जांश तंत्रज्ञान' हा शब्द जपानी शास्त्रज्ञ नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये वापरला. हे कण मात्र कारागिरांच्या हातात त्याआधी दीड हजार वर्षांहून अधिक काळ होते. त्यांना एकमेकांना चिकटू न देणे, ही अडचणही तेवढीच जुनी.

ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस चषक बाहेरून उजेड पडला की हिरवा दिसतो, आत दिवा ठेवला की माणकासारखा लाल. त्याच्या काचेत दहा लाख भागांत सोने जेमतेम ४० भाग आणि चांदी सुमारे ३०० भाग आहे. सतराव्या शतकात जर्मनीतल्या पॉट्सडॅमला रसायनज्ञ योहान कुंकेल यांनी सोन्याची लाल काच नियमितपणे बनवली. ही काच ओतून थंड केली की जवळपास रंगहीन असते. पुन्हा तापवल्यावर आतले सोन्याचे अणू एकत्र येऊन कण बनतात आणि लाली चढते. कण हवे त्याहून मोठे झाले की काच मळकट तपकिरी होते आणि ती सगळी वाया जाते.

मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये गोल्ड क्लोराइडच्या द्रावणातून फॉस्फरसच्या मदतीने लाल द्रव मिळवला आणि हा रंग सोन्याच्याच बारीक कणांचा आहे असे मांडले. त्यांचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे निरीक्षण वेगळेच आहे: मीठ घातले की द्रव निळा पडतो, पण आधी जेली मिसळली तर तो लाल राहतो. कणांवरच्या विद्युतभारामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात; मीठ तो भार झाकून टाकते आणि ते गोळा होतात. सुटे कण हिरवा प्रकाश शोषतात, गोळा झालेले लालकडचा.

काच आणि पोर्सिलेनच्या रंगांवर काम केलेल्या रिचर्ड झिग्मोंडी यांनी हेच निरीक्षण मोजमापात आणले. १० मिली सुवर्ण-कलिलात (सोन्याचे बारीक कण तरंगत असलेल्या द्रवात) १ मिली १० टक्के मिठाचे द्रावण घातल्यावर रंग पालटू नये म्हणून किती मिलिग्रॅम संरक्षक पदार्थ लागतो, तो 'सुवर्णांक'. जिलेटिनला मिलिग्रॅमचा शंभरावा हिस्साही पुरतो. झिग्मोंडी यांना १९२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. रंगाचे गणित मात्र जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी (Mie) यांनी १९०८ मध्येच सोडवले होते.

असे कण बनवायची आजची कृती १९५१ च्या टर्केविच पद्धतीवर आणि १९७३ मध्ये फ्रेन्स यांनी केलेल्या सुधारणेवर उभी आहे. ०.०१ टक्के गोल्ड क्लोराइडचे ५० मिली द्रावण उकळायचे आणि ढवळता ढवळता त्यात १ टक्के सोडियम सायट्रेट एकदम ओतायचे. फिकट पिवळा रंग जातो, काळपट निळी झाक येते, मग लाल उतरतो. १ मिली सायट्रेटला कण सुमारे १६ नॅनोमीटरचे होतात, अर्धा मिलीला ४१ च्या आसपास. सायट्रेट कमी म्हणजे कण मोठे. फसते ते बहुधा भांड्यांमुळे: काचेला चिकटलेला धातूचा अंश किंवा नळाच्या पाण्यातले क्षार सगळे द्रावण जांभळे करतात. तयार कलिल गोठवूही नये. वितळल्यावर कण परत सुटे होत नाहीत.

पट्टीसाठी या कणांवर प्रतिपिंडांचा (ठरावीक पदार्थालाच पकडणाऱ्या प्रथिनांचा) थर चढवतात. थर पुरेसा बसला का, हे पाहायला आजही नमुन्यात मिठाचे द्रावण टाकतात. निळसर झाला तर प्रतिपिंडे कमी पडली. पट्टीवर नमुना पडला की सोने ओलाव्यासोबत पुढे सरकते. नमुन्यात गर्भधारणेचे हार्मोन असेल तर चाचणीरेषेवर अडकते, उरलेले नियंत्रणरेषेवर. नियंत्रणरेषा उमटलीच नाही, तर निकाल धरू नये: एकतर नमुना कमी पडला किंवा दमट हवेने पट्टी बिघडली. दिलेली वेळ उलटून गेल्यावर, पट्टी वाळताना दिसणारी करडी रेघही निकाल म्हणून वाचू नये. तिच्यात सोने नसते.