सेडानची उंची वाढवणे

सेडान मोटारीच्या सस्पेन्शनमध्ये फेरफार करून तिचे बूड रस्त्यापासून अधिक वर नेणे. गॅरेजमध्ये यालाच ‘हाईट वाढवणे’ म्हणतात. खडबडीत रस्ते, बेढब गतिरोधक, घाटात रस्त्यावर आलेली दगडमाती आणि थंड प्रदेशातला बर्फ ही यामागची कारणे. जीपसारख्या गाड्यांत ही वाढ इंचांत मोजतात. सेडानमध्ये मिलिमीटरच मोजावे लागतात. २० ते ३० मिमीपर्यंतची वाढ बहुतेक सेडान निभावून नेतात. त्यापुढे प्रत्येक मिलिमीटरची किंमत दुसरा कुठलातरी भाग मोजतो.

गाडी कुठे लागते

‘गाडी खाली लागते’ ही तक्रार एकच, पण लागण्याच्या जागा निरनिराळ्या असतात आणि उपाय जागेवरून ठरतो. चढाला भिडताना पुढचा बंपर लागतो, मोठ्या दगडावर इंजिनाखालचे ऑइल चेंबर, गतिरोधकावर मधला भाग किंवा सायलेन्सरचा पाइप, आणि सामानाने भरलेली गाडी चढावर चढताना डिकीखालचा भाग. गाडी रॅम्पवर घेऊन टॉर्च मारली की खुणा बोलतात. ताजा ओरखडा चकाकतो, जुन्यावर गंज चढलेला असतो. एक पैसाही खर्च करण्याआधी हे पाहून घ्यावे, कारण बंपरच्या टोकाला लागणाऱ्या गाडीत मागच्या स्प्रिंगा बदलून काहीच साधत नाही.

बूड रस्त्यापासून किती वर आहे याचा माहितीपत्रकातला आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. होंडा सिटीचा १६५ मिमी, स्कोडा स्लाव्हियाचा १७९ मिमी. पाच माणसे आणि गच्च भरलेली डिकी घेऊन गणपतीला कोकणात निघालेल्या सेडानचा मागचा भाग सहज चार-पाच सेंटीमीटर बसतो, मधला भाग त्याच्या साधारण निम्मा. म्हणजे ज्या दिवशी उंचीची खरी गरज असते, नेमकी त्याच दिवशी ती सर्वांत कमी असते.

गतिरोधकाचे गणित मुद्दाम मांडण्यासारखे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी ९९’ या संहितेतला गोल माथ्याचा गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. पुढच्या-मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर असलेली सेडान त्यावर मधोमध आली, की चारही चाके गतिरोधकावरच असतात आणि माथा चाकांच्या पातळीपेक्षा फक्त ५ सेंटीमीटर वर येतो. अशा गतिरोधकाला भरलेली सेडानही घासत नाही. घासते ती रातोरात डांबर ओतून केलेल्या उंचवट्याला. हात-सव्वा हात रुंद आणि १८ सेंटीमीटर उंच असा उंचवटा संपूर्णपणे दोन चाकांच्या मध्ये मावतो, आणि तिथे पूर्ण १८ सेंटीमीटर जागा लागते. आपल्याकडे सेडान उंच कराव्या लागतात त्यात गाडीच्या दोषापेक्षा रस्त्याचा दोष मोठा आहे.

कच्च्या रस्त्यावर प्रश्न चाकोरीचा. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला माथा तसाच राहतो. सेडानची चाके चाकोरीत उतरली की तो माथा बुडाला घासत जातो. इथे उंची वाढवण्याचा सरळ फायदा मिळतो. गतिरोधकावर हिशेब कोनाचा असतो. वरच्याच सेडानचा मधला कोन, म्हणजे बूड न घासता गाडी जितक्या अंशांचा माथा ओलांडू शकते तो, १६५ मिमीला साधारण १४.५ अंश भरतो. २५ मिमी वाढवले की १६.६ अंश.

उपाय

सर्वांत आधी जुन्या स्प्रिंगा तपासाव्यात. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीच्या स्प्रिंगा अनेकदा बसलेल्या असतात. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून नव्या गाडीशी ताडून पाहिले, की हरवलेली उंची समजते. कंपनीच्याच नव्या स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर आणि माथ्याची रबरे टाकल्यावर ती परत मिळते, आणि गाडीचे आखणीतले काहीही बिघडत नाही. उंची वाढवायला आलेल्या कितीतरी गाड्यांना खरे तर एवढेच हवे असते.

आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक सेडानना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरची एकत्र उभी जोडणी) आणि मागे आडवा ट्विस्ट बीम (दोन्ही चाकांना जोडणारी, पिळ खाणारी तुळई) असतो. पुढे स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी चकती, दोन ठिकाणी बसतो आणि दोन्हींचे परिणाम वेगळे. स्ट्रटचा माथा आणि बॉडी यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची किंवा पॉलियुरेथेनची चकती घातली, तर स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचा आपसातला मेळ तसाच राहतो, गाडीची चाल बदलत नाही. मात्र खड्ड्यात चाक लोंबते तेव्हा ते चकतीच्या जाडीइतके जास्त खाली जाते, आणि तो ताण ॲक्सलच्या सांध्यावर व चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या बॉल जॉइंटवर येतो. चकती स्प्रिंगच्या बैठकीत घातली, तर शॉकॲब्सॉर्बर कायम थोडा ताणलेलाच राहतो. त्याची खाली जाण्याची शिल्लक कमी होते आणि खड्ड्यात चाक पडताच ‘खट्’ असा आवाज येतो. हा आवाज म्हणजे शॉकॲब्सॉर्बरचा दांडा आतून टोकाला आपटतोय. त्याकडे दुर्लक्ष करू नये.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खपणारा उपाय म्हणजे स्प्रिंगच्या दोन वेढ्यांत बसवायचा बफर. काम अर्ध्या तासाचे, स्प्रिंग काढावीही लागत नाही. पण बफर अडकला की तेवढा वेढा कामातून जातो. सहा वेढे काम करत असतील आणि पाचच उरले, तर स्प्रिंग २० टक्क्यांनी कडक होते. भरलेली गाडी कमी बसते हे खरे. रिकामी गाडी मात्र उडू लागते, आणि सगळा भार बफरच्या कडेशी असलेल्या वेढ्यावर एकवटतो. वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्याने बफर कायमचे ठेवण्यापेक्षा सामान कमी न्यावे, असेच या नोंदीचे मत आहे.

उत्तम मार्ग म्हणजे थोड्या लांब आणि कडक स्प्रिंगा, व त्यांना जुळणारे शॉकॲब्सॉर्बर. खर्च बराच येतो. अनेक मॉडेलांसाठी जुळणी तयार मिळतही नाही.

टायरचा उपाय वेगळ्या जातीचा आहे. १८५/६० आर १५ ऐवजी १८५/६५ आर १५ (दुसरा आकडा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत) घातला तर गाडी फक्त ९ मिमी वर जाते. पण ट्विस्ट बीम, लोअर आर्मचे बाहेरचे टोक अशा चाकाला जोडलेल्या भागांना वर उचलतो तो टायरच. स्प्रिंग फक्त बॉडी उचलते. म्हणून मागचा बीमच दगडाला लागत असेल तर स्पेसरने काहीही फरक पडत नाही. टायरचा घेर सुमारे ३ टक्के वाढल्याने स्पीडोमीटर मूळचा अचूक असेल तर १०० दाखवताना गाडी १०३ ने धावते.

बदलल्यावर काय बदलते

उंची वाढली की चाकांचे कोन हलतात. व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी, आणि स्प्रिंगा नव्या असतील तर काहीशे किलोमीटर चालवून पुन्हा करावी लागते; नाहीतर टायरची एक कड पाहता पाहता झिजते. पुढच्या चाकांना ताकद देणारे ॲक्सल आता तिरपे फिरतात. पहिला इशारा डोळ्यांना दिसतो: चाकाच्या आतल्या रिमवर ग्रीसचे काळे शिंतोडे. सांध्यावरचे रबरी आवरण (बूट) फाटले, ग्रीस उडाले, आत धूळ गेली की वळताना ‘टक् टक् टक्’ सुरू होते आणि मग सांधाच बदलावा लागतो.

गुरुत्वमध्य वर जातो. चाकांमधली रुंदी १४८० मिमी आणि गुरुत्वमध्याची उंची ५३० मिमी धरली, तर स्थैर्याचे गुणोत्तर (अर्धी रुंदी भागिले ही उंची) १.४० येते. ३० मिमी वाढवल्यावर ते १.३२ होते. सेडान त्याने लगेच उलटत नाही, पण घाटातल्या वळणावर आणि वेगात लेन बदलताना पूर्वीचा अंदाज चालत नाही. काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह बॉडी आणि ॲक्सलमधले अंतर पाहून काम करतो. मागची उंची वाढवली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. हा बारकावा सहज सुटतो, आणि तोच सर्वांत घातक आहे. फक्त पुढची किंवा फक्त मागची बाजू उचलल्यास हेडलाइटचा झोतही पुन्हा जुळवावा लागतो. चालकाला मदत करणारे कॅमेरे-रडार असलेल्या नव्या गाड्यांत तेही तपासून घ्यावे लागतात.

बर्फ

बर्फात उंची लागते ती पोट टेकू नये म्हणून. भुसभुशीत बर्फ बुडापेक्षा उंच असला, की गाडी तो ढकलत, खाली दाबत जाते आणि शेवटी त्यावर पोट टेकून बसते. चाकांवरचा भार निघून जातो आणि ती जागच्या जागी फिरतात. दिवसा वितळलेल्या चिखलाच्या चाकोऱ्या रात्री दगडासारख्या गोठतात, तेव्हाही २५ मिमी कामी येतात. मात्र उंचीने पकड मिळत नाही. पकड टायरची. साधे रबर ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होत जाते, म्हणून थंड देशांत हिवाळी टायर वेगळे असतात. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी स्थिती असेल तर ते सक्तीचे आहेत. पुण्या-मुंबईहून सेडान घेऊन मनालीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. बर्फ पडल्यावर प्रशासन अटल बोगद्याकडे बहुधा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडते. तिथे उंची कोणी विचारत नाही. साखळी बसायला टायर आणि स्ट्रटमध्ये जागा हवी, आणि स्ट्रटवरच्या चकतीने ती वाढत नाही. मोठ्या टायरने तर कमीच होते. कॅनडासारख्या देशांत रस्त्यावर मीठ टाकतात. ते चकतीभोवती साचून गंज धरते, म्हणून हिवाळा संपला की बूड धुऊन घ्यावे.

कारखान्यातूनच उंच

सोव्हिएत संघात १९५५ मध्ये पोबेदा मोटारीच्या बॉडीखाली गॅझ-६९ जीपचे भाग घालून एम-७२ काढण्यात आली; पाठोपाठ १९५७ मध्ये मॉस्कविच-४१० आली. त्याच १९५५ साली सित्रोएन डीएसने चारही चाकांना तेल आणि वायूच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन दिले. चालक आतला दांडा हलवून उंची वाढवू शकत असे. अमेरिकेत १९८० च्या मॉडेल वर्षात एएमसी ईगल ही चारही चाकांना ताकद देणारी उंच गाडी सेडान रूपातही मिळू लागली. व्होल्वोची एस६० क्रॉस कंट्री साध्या एस६० पेक्षा ६५ मिमी उंच होती. २०१६ मध्ये ती भारतातही आली. होंडाने २०१९ ची सिव्हिक भारतासाठी पुढे २० आणि मागे १५ मिमी उचलली. खास आपल्या रस्त्यांसाठी कारखान्याने केलेली वाढही एवढीच असावी, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे या सगळ्याची आठवण अँबॅसॅडरपाशी थांबते. मागे पाटे, पुढे टॉर्शन बार. बार फिरवून पुढची उंची काही अंशी जमवता येई, मागे मिस्त्री एक पाटा वाढवून देत. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिचे उत्पादन थांबले.

कायदा

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. काम करण्याआधी आरटीओत विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. वॉरंटीतल्या गाडीच्या सस्पेन्शनला हात लावल्यास त्या भागांचा दावा नाकारला जाऊ शकतो.