पाठमोरी व्हीनस

युरोपच्या जुन्या चित्रांत नग्न स्त्रिया इतक्या दिसतात, की तिथे त्यांना कधी आडकाठी नसावी असंच वाटतं. प्रत्यक्षात अशा चित्राला दोन गोष्टी लागत: देवतेचं नाव आणि बंद दार. सतराव्या शतकातल्या स्पेनमध्ये तर अश्लील चित्र काढणाऱ्यावर इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, बडगा होता. दंड व्हायचा, वर्षभर हद्दपारीही. राजा चौथा फिलिप मात्र इटालियन चित्रकार तिशियनची नग्नचित्रं खासगी दालनांत बाळगून होता. त्याला विचारणार कोण?

त्याच राजाचा दरबारी चित्रकार दिएगो वेलास्केस. त्यानं १६४७ ते १६५१ च्या दरम्यान एक व्हीनस, म्हणजे रोमनांची प्रेमदेवता, रंगवली; त्याचं आज उरलेलं हे एकमेव नग्नचित्र. ती पाठमोरी पहुडली आहे आणि मदन तिच्यासमोर आरसा धरून बसला आहे. मदनाला झाकलं, तर ती देवता आहे याची एकही खूण चित्रात राहत नाही. आरशात चेहरा आहे, पण धूसर, आणि अंतराच्या हिशेबानं जरा मोठाच. ही मला वेलास्केसची चलाखी वाटते: सगळी पाठ दाखवायची आणि बाई कोण ते सांगायचं नाही.

चित्र आधी एका सरदाराकडे होतं. पुढे ते स्पेनचा पंतप्रधान गोदॉय याच्याकडे आलं. चित्रकार गोयाचं ‘माहा’ हे विवस्त्र स्त्रीचं चित्रही त्याच्याकडेच होतं. १८१३ मध्ये ते इंग्लंडला पोचलं आणि यॉर्कशरच्या रोकबी पार्क या हवेलीत राहिलं, म्हणून ‘रोकबी व्हीनस’. १९०६ मध्ये ४५,००० पौंडांना ते लंडनच्या नॅशनल गॅलरीसाठी घेतलं गेलं. अडीचशे वर्षं खासगी मालकीत राहिलेलं चित्र आता कुणीही पाहू शकत होतं.

१० मार्च १९१४ ला मेरी रिचर्डसननं खाटकाच्या सुऱ्यानं त्याच पाठीवर वार केले. स्त्रियांच्या मताधिकाराची ती लढाऊ कार्यकर्ती. नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांना आदल्या दिवशी अटक झाली होती, त्याचा हा निषेध. रिचर्डसनला सहा महिन्यांची शिक्षा झाली. १९५२ मध्ये तिनं आणखी एक कारण सांगितलं: पुरुष दिवसभर त्या चित्राकडे टक लावून बघत, ते तिला आवडत नसे. मला हे दुसरं कारणच जास्त खरं वाटतं.

चित्र सांधलं गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोघा हवामान-आंदोलकांनी त्यावरची काच हातोड्यांनी फोडली, पण त्यांचं भांडण खनिज तेलाशी होतं.