वायूचं वजन: सूत्रातला रेणुभार कुठून आला?

इंदूरात भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये अकरावीची मुलं वायूचं वस्तुमान दोन ओळींत काढतात. दाब गुणिले आकारमान, त्याला आर (वायूंचा स्थिरांक) आणि तापमानाच्या गुणाकाराने भागायचं, आलेल्या मोलना (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या) रेणुभाराने, म्हणजे एका मोलच्या वजनाने गुणायचं, झालं. हे सूत्र जुळायला मात्र दोनशे वर्षं लागली, आणि सगळ्यात जास्त रखडला तो रेणुभार.

हवेला वजन असतं हे गॅलिलिओने मोजून दाखवलं होतं. बाटलीत जास्तीची हवा कोंबून त्याने ती तोलली; पाणी हवेच्या चारशे पट जड, असं उत्तर १६३८ साली छापलं. खरा आकडा आठशेच्या घरात आहे, पण तेव्हाचे तराजू पाहता हेही कमी नाही. दाब आणि आकारमानाचं नातं बॉइलने १६६२ मध्ये मांडलं, तापमानाचं गे-लुसाकने १८०२ मध्ये. त्यात त्याने चार्ल्सला श्रेय दिलं, कारण चार्ल्सने तेच प्रयोग पंधरा वर्षं आधी केले होते, पण छापले नव्हते. १८३४ मध्ये क्लापेरॉनने सगळं एका समीकरणात बांधलं. फक्त त्यातला स्थिरांक, म्हणजे आजच्या आरच्या जागचा आकडा, वायूगणिक वेगळा!

खरं तर तोड अ‍ॅव्होगॅड्रोने १८११ मध्येच सुचवली होती: दाब-तापमान सारखं असेल तर सारख्या आकारमानात रेणूही सारखेच. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १८२६ मध्ये ड्यूमाने आजचंच गणित उलटं चालवलं. काचेच्या फुग्यात द्रवाची वाफ करायची, जास्तीची बाहेर पडू द्यायची, तोंड वितळवून बंद करायचं आणि तोलायचं. वजन हातात, रेणुभार हवा. पण पारा, फॉस्फरस आणि गंधकाच्या वाफांनी त्याचा हिशोब पार बिघडवला. मूलद्रव्याच्या रेणूत दोनच अणू असणार ही तेव्हाची समजूत. पाऱ्याच्या वाफेत एकच असतो, फॉस्फरसच्या वाफेत चार. हा गुंता कानिझारोने १८५८ मध्ये अ‍ॅव्होगॅड्रोचीच कल्पना धरून सोडवला. मग कुठे हॉर्स्टमन (१८७३) आणि मेंडेलीव्ह (१८७४) सगळ्या वायूंना एकच आर लावू शकले.

आपलं होळकर कॉलेज १८९१ मध्ये सुरू झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी वायू तोलणारा ब्रिटिश शास्त्रज्ञ रॅले चक्रावून गेला होता: हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांतून काढलेल्यापेक्षा जड भरत होता. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा, पण त्याने तो सोडला नाही. त्या फरकातून १८९४ मध्ये हवेत दडलेला आर्गॉन वायू सापडला. मला तरी या इतिहासात सगळ्यात भारी हेच वाटतं.

एका मोल वायूचे पुस्तकातले २२.४ लिटर (शून्य अंश, समुद्रसपाटीचा दाब) इंदूरात चालत नाहीत, हेही जाता जाता सांगतो. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. इथला दाब साधारण ९५० मिलिबार, आणि २७ अंशांना एक मोल वायू सव्वासव्वीस लिटर जागा घेतो.

इंदूरच्या देवगुराडियाला फेब्रुवारी २०२२ मध्ये ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्लांट सुरू झाला. दिवसाला ५५० टन कचऱ्याची त्याची क्षमता. सीएनजी विकला जातो किलोने, तेव्हा आपलं सूत्र इथे लावून पाहू. ६० लिटरची टाकी, २०० बार, २७ अंश, शुद्ध मिथेन (सीएनजीतला मुख्य वायू): उत्तर ७.७ किलो. प्रत्यक्षात नऊ किलोच्या वर बसतो, कारण एवढ्या दाबाखाली रेणू एकमेकांना ओढतात आणि वायू आदर्श, म्हणजे सूत्र तंतोतंत पाळणारा, राहत नाही. व्हॅन डर वाल्सने ही दुरुस्ती १८७३ मध्येच दिली होती. पंपावरचं मीटर मात्र दाब-तापमानाच्या भानगडीत पडत नाही. गॅस थरथरत्या नळीतून जाताना नळीला जो पीळ पडतो, त्यावरून ते थेट किलो मोजतं.