मुशीचं रक्त आणि काकडीची कोशिंबीर

गेल्या रविवारी भाचा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत ‘शार्क’ घेऊन आला. बोटभर लांब, रुपेरी, परांना काळी किनार. “मामा, दुकानदार म्हणाला, अस्सल आहे!” मी पिशवी उजेडात धरली. गालावर एकच झाकण उघडमीट करत होतं. शार्कला झाकण नसतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पाच ते सात उघड्या चिरा असतात, आणि सांगाडा हाडांचा नव्हे, कूर्चेचा. हा निघाला बाला शार्क, आग्नेय आशियातल्या नद्यांतला, आपल्या रोहूच्या कुळातला. शार्कशी नातं काय ते पाठीवरच्या तिकोनी परापुरतं.

“मग खरा आणू या ना, छोटा!”

छोटे खरे शार्क असतात. बांबू शार्क आपल्या किनाऱ्यावरही सापडतात, दोन-अडीच फूट वाढतात, तळाशी पडून असतात. परदेशात काही हौशी मंडळी ते घरी पाळतात. पण आमच्या टाकीत नळाचं पाणी. त्यात खरा शार्क का जगणार नाही, हे सांगायला लागलो की मी वाहवत जातो.

कोशिंबिरीच्या काकडीला आधीच मीठ लावून ठेवलं तर पाणी सुटतं. शाळेतलं परासरण: पाणी विरळ बाजूकडून दाट बाजूकडे झिरपतं. समुद्रात सुरमई-पापलेटाची गत त्या काकडीसारखीच. त्यांचं रक्त समुद्राच्या जेमतेम एक तृतीयांश खारं, म्हणून अंगातलं पाणी सारखं बाहेर जातं. ते समुद्राचं पाणी पितात आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकत बसतात. शार्कची युक्ती वेगळी. तो रक्तात युरिया साठवतो, आपण लघवीवाटे टाकतो तोच. आपल्या रक्तात तो लिटरमागे पाचेक मिलिमोल (रेणू मोजायचं माप) असतो, शार्कच्या रक्तात साडेतीनशेच्या आसपास. मूत्रपिंडात गाळला गेलेला युरिया तो परत शोषून घेतो. त्यामुळे रक्ताची दाटी हजार मिलिऑस्मोलच्या (विरघळलेले सगळे कण मोजायचं माप) घरात, समुद्रापेक्षा किंचित वर जाते आणि पाणी आपणहून आत येतं. प्यायची गरजच नाही. आता एवढ्या युरियानं प्रथिनांच्या घड्या उसवायला हव्यात. त्यावर उतारा ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइडचा, म्हणजे प्रथिनांना सावरून धरणाऱ्या एका रेणूचा. पेशींत साधारण दोन युरियामागे अशा सावरणाऱ्या रेणूंपैकी एक. जास्तीचं मीठ आतड्याच्या शेवटाशी असलेली एक ग्रंथी बाहेर काढते. शिळ्या मुशीचा, म्हणजे बाजारातल्या शार्कचा, नाकात जाणारा दर्प आठवा: जिवाणू तो युरिया फोडून अमोनिया करतात.

हा मासा गोड्या पाण्यात सोडला तर आत हजार, बाहेर जवळपास शून्य. पाणी लोंढ्यानं आत शिरतं आणि मूत्रपिंडं हात टेकतात. बुल शार्क मात्र नदीत शिरून निकाराग्वाच्या तळ्यापर्यंत जातो: युरिया कमी करून दाटी साडेसहाशेच्या आसपास आणतो आणि पातळ लघवी भरपूर करतो. पण तो तीन मीटरपर्यंत वाढतो. तो दिवाणखान्यात नको.

मग खारी टाकी? लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे २,००० लिटरला ७० किलो, तेही स्वयंपाकघरातलं चालत नाही. बडोद्याच्या मे महिन्यात पाणी गार ठेवायचं यंत्र वेगळं. शिवाय कल्ल्यांतून थोडा युरिया गळतच राहतो. जिवाणू त्याचा अमोनिया, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट करतात. नायट्रेट साठलं की थायरॉइडला आयोडीन घेता येत नाही आणि पाळीव शार्कला चक्क गलगंड होतो.

गळ्याच्या गाठीवरून आठवलं. ‘शार्कला कर्करोग होत नाही’ म्हणत कूर्चेच्या कॅप्सूल विकतात. शार्कमध्ये कर्करोगाच्या गाठी सापडल्या आहेत, आणि रुग्णांवरच्या चाचण्यांत त्या कॅप्सूलचा फायदा दिसलेला नाही. पैसे वाचवा.

भाचा ऑस्मोलच्या आसपासच मोबाइलमध्ये शिरला होता. त्याच्या बाला शार्कला मोठी टाकी लागेल, तो फूटभर होतो. तूर्त टाकीवर काच ठेवून वर वीट ठेवली आहे, कारण हा मासा उड्या मारतो आणि मांजर शेजारचीच आहे.